पुस्तकात छापलंय

गेल्या पावसाळ्यात बोईसरला आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ जाडजूड पुस्तक घेऊन घरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. मुखपृष्ठावर हिमालय, हिमालयावर एक भला मोठा डोळा आणि डोळ्यातून निघालेले पिवळे किरण. "वाचा आणि सांगा," म्हणाले. "तुम्ही लोक नेहमी पुरावा मागता. यात पुरावेच पुरावे आहेत. आणि एवढ्या मोठ्या प्रकाशनानं छापलंय, उगाच छापतील का?"

आठ दिवसांत वाचून काढलं. नवव्या दिवशी ते आले, चहा झाला, मग विचारलं, "काय, कसं वाटलं?"

"निराशा झाली."

ते हसले. "अहो, तुमचा मुळात विश्वासच नाही. ज्याला आशा नाही त्याची निराशा कशी होईल?"

प्रश्न खरा होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो, कारण ते उत्तर बोईसरच्या फ्लॅटमध्ये सापडणारं नाही. त्यासाठी गावाला जायला हवं.

आमचं गाव बोईसरच्या पूर्वेला, सूर्या नदीच्या अंगाला. कुणब्यांची पंचवीसेक घरं, आणि ओहोळ ओलांडला की वारल्यांचा पाडा. 1977 साली मी आठवीत होतो. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तिला त्या वर्षी बाबांनी मला बैलगाडीतून नेलं. सुकी मासळी, मसाले, टोपल्या, बांगड्या, असं सगळं पाहत चाललो होतो. एका झाडाखाली गोणपाट अंथरून पुस्तकवाला बसला होता. त्याच्याकडे नवनाथांची पोथी होती, शिवलीलामृत होतं, पंचांगं होती, आणि एका कडेला पिवळ्या कव्हराची पातळ पुस्तकं होती. त्यात करणी, मूठ, वशीकरण, भूत ओळखणं, भूत उतरवणं. बाबांनी पोथी घेतली. मी हट्ट करून पिवळं पुस्तक घेतलं.

उन्हाळाभर ते मी कंदिलाच्या उजेडात वाचलं. भीती वाटायची आणि मजाही वाटायची. शाळेच्या पुस्तकातली माणसं पुण्यात नाहीतर दिल्लीत राहायची. या पुस्तकातल्या गोष्टी मात्र आमच्याच चिंचेखाली घडणाऱ्या होत्या. आपलं जग कुणीतरी छापलंय याचं मला अप्रूप होतं.

श्रावणात पाड्यावर ताप आला. ओहोळ भरून वाहत होता, दवाखाना लांब. आठवड्यात दोन मुलं गेली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मलेरिया डोक्यात गेला असेल. पण कुणी रक्त तपासलं नव्हतं, तेव्हा तेही मी ठामपणे सांगू शकत नाही. पाड्यावरचा म्हातारा भगत सुपात तांदूळ टाकून दाणे पाहायचा. दोन रात्री त्याने दाणे पाहिले आणि काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री पाड्यावरचे पाच-सहा बापये आमच्या ओटीवर आले. भगतही मागे होता.

"दादा, तुझ्या पोराला बोलव," एकजण बाबांना म्हणाला. "त्याच्याकडं बुक हाय म्हणतात. त्यात समदं लिवलंय."

बाबा नको म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनीही कौतुकाने मला हाक मारली. मी कंदिलाशी बसलो आणि वाचलं. भुताळी कशी ओळखावी, ते पान. डोळे लाल असतात. एकटी राहते. दुसऱ्यांच्या मुलांना हात लावते. झाडपाला बाळगते. गुरुजींनी शिकवलं होतं तसं मी स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन वाचलं. मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. इतकं मन लावून मला कधी कुणी ऐकलं नव्हतं.

मी थांबलो. जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने एक नाव घेतलं.

ती पाड्यावरची सुईण होती. आमच्या घरातही तीच यायची. मला आईच्या पोटातून तिनेच बाहेर काढलं होतं. विधवा, मूलबाळ नाही, म्हणून एकटी. आयुष्यभर ओल्या लाकडाची चूल फुंकली, म्हणून डोळे लाल. मुलांना हात लावणं हे तर तिचं कामच होतं. पुस्तकातलं एकेक वाक्य तिच्यावर अंगरख्यासारखं बसलं.

"माझं दाणं काय बोललं नाय," भगत मागून म्हणाला.

"तुझं दाणं ऱ्हाऊं दे. बुकात छापलंय."

तिला कुणी मारून टाकलं नाही, एवढंच त्यातलं बरं. त्या रात्री तिच्या खोपटाचं छप्पर ओढून पाडलं, कोंबड्या नेल्या. उजाडायच्या आत ती निघून गेली. उंबरगावकडे बहीण होती तिच्याकडे गेली म्हणे. आईला सकाळी कळलं. आई मला काही बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पिवळं पुस्तक चुलीत घातलं. पावसाळी हवेने कागद सर्दावला होता, तो लवकर पेटेना. आई फुंकणीने फुंकत बसली, आणि मी तिचे लाल झालेले डोळे पाहिले.

तेव्हापासून मी अशी पुस्तकं वाचतो. कुणाला हे विचित्र वाटेल. पण मला एक गोष्ट हवी असते. त्या रात्री मी जे वाचलं त्याच्या मुळाशी काहीतरी खरं असावं, अशी एक आशा माझ्या मनात कुठेतरी आहे. म्हणजे माझा दोष थोडा कमी होईल. हिमालयावरचा डोळा असो की काळी हवेली, प्रत्येक पुस्तक मी त्या आशेनेच उघडतो. बँकवाल्या गृहस्थांना मी हेच सांगायला हवं होतं: निराशा अविश्वासी माणसाचीच जास्त होते, कारण त्याला खरंच काहीतरी हवं असतं.

पुढे पालघरच्या दांडेकर कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं आणि तारापूर एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो. पहिल्या आठवड्यात जो धडा मिळाला, तोच माझा समीक्षेचा एकमेव धडा. मालाची शुद्धता काढायची तर ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं, रंग पालटला की आकडा घ्यायचा. मी आकडा घेतला आणि रजिस्टरमध्ये लिहिला. वरिष्ठांनी विचारलं, "ब्लँक कुठाय?" ब्लँक म्हणजे सगळं तसंच करायचं, तोच फ्लास्क, तीच द्रावणं, फक्त माल घालायचा नाही. गंमत अशी की माल नसतानाही थोडं द्रावण लागतंच. तेवढं वजा केल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही. "माल न घालता किती येतं ते आधी बघ," ते म्हणाले. "नाहीतर तू पाण्याला औषध म्हणशील."

गूढविद्येच्या लोकप्रिय पुस्तकांवरचा माझा पहिला आक्षेप हाच. ती ब्लँक घेत नाहीत. स्वप्न खरं झालं ते लिहितात, खोटी झालेली स्वप्नं मोजत नाहीत. महाराजांनी हात ठेवला आणि ताप उतरला हे लिहितात, हात न ठेवता किती जणांचा उतरला ते नाही. एका वर्षी मी घरीच प्रयोग केला. वर्तमानपत्रातलं माझ्या राशीचं भविष्य रोज वाचायचो, आणि ब्लँक म्हणून बायकोच्या राशीचंही स्वतःलाच लावून बघायचो. महिन्याअखेर वहीतले दोन्ही रकाने जवळजवळ सारखेच भरलेले होते. बायको म्हणाली, "म्हणजे माझं भविष्य तुम्ही भोगता होय?"

हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीत पुण्यात झाला. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर तो केला. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या, अशा 200 पत्रिका जमवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका पाठवल्या आणि एवढंच विचारलं, यातलं हुशार मूल कोणतं ते सांगा. 51 जण तयार झाले, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या, तिची 102 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. या प्रयोगात मला आवडली ती त्याची सभ्यता. ज्योतिषांना कुणी हिणवलं नाही. त्यांना त्यांच्याच शास्त्रातला प्रश्न विचारला आणि उत्तरं मोजली. माझ्याकडच्या कपाटातल्या एकाही गूढ पुस्तकाने स्वतःला असा प्रश्न विचारलेला नाही.

आता एक मोठं नाव घेतो. नोकरीला लागल्यावर सुट्टीच्या दिवशी गाडी पकडून मुंबईला जायचो आणि फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायचो. तिथे लोबसांग राम्पाचं 'द थर्ड आय' मिळालं. इंग्रजी अडखळत वाचायचो, पण ते मी दोनदा वाचलं. तिबेटातला आठ वर्षांचा मुलगा, लामांच्या मठात त्याच्या कपाळाला भोक पाडून तिसरा डोळा उघडतात, मग त्याला माणसांभोवतीची वलयं दिसतात. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. रात्रपाळीत बॉयलरच्या आवाजात वाचताना अंगावर काटा यायचा.

काही वर्षांनी त्या पुस्तकाची हकीकत वाचनात आली. 'द थर्ड आय' 1956 साली लंडनला निघालं. छापण्याआधी प्रकाशकाने हस्तलिखित तिबेटच्या जाणकारांना दाखवलं होतं, त्यांनी शंका घेतल्या होत्या, तरी छापलं. (उगाच छापतील का, असं विचारणाऱ्यांसाठी हे कंसात.) 1958 साली एका खाजगी गुप्तहेराने शोध लावला की लेखक म्हणजे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला सिरिल हॉस्किन, प्लंबरचा मुलगा, तिबेटला कधीही न गेलेला. त्यावर लेखकाचा खुलासा असा की तो घुबडाचा फोटो काढायला झाडावर चढला, पडला, आणि एका लामाचा आत्मा त्याच्या अंगात शिरला. पुढे त्याने आणखी बरीच पुस्तकं लिहिली. त्यातलं एक त्याच्या मांजरीने सांगितलं आणि त्याने फक्त उतरवून घेतलं, असा त्याचा दावा होता.

फसवलो गेलो याचं मला फार वाईट वाटलं नाही. कादंबरी म्हणून वाचली असती तरी चाललं असतं. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. अमेरिकेतले बौद्धविद्येचे प्राध्यापक डोनाल्ड लोपेझ यांनी हे पुस्तक त्याची हकीकत न सांगता आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला दिलं, तर त्यांनाही ते विश्वसनीय वाटलं. मी पुस्तक पुन्हा काढून बघितलं, मला कुठे कळायला हवं होतं? आणि लक्षात आलं की त्यात शेजारी नाहीत. त्या मुलाच्या तिसऱ्या डोळ्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही, कुणी त्याच्यावर रागवत नाही, त्याचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी दारात कुणी येऊन उभं राहत नाही. आमचा भगत दाणे पाहायचा, पण तो त्याच पाड्यावर राहायचा. चुकला तर त्याला सकाळी त्याच विहिरीवर जायचं असे. म्हणून असेल, त्या दोन रात्री तो गप्प राहिला. मी भगताची आरती ओवाळत नाही. दुसऱ्या कधीतरी दुसऱ्या कुणा बाईचं नाव त्याच्या तोंडून गेलं असेलच, या भागात अशा बायका कमी नव्हत्या. पण त्याचं गप्प राहणं त्याला शक्य होतं. छापलेल्या पुस्तकाला गप्प राहता येत नाही.

दुसरा आक्षेप प्रश्नचिन्हांवर. एरिक फॉन डॅनिकेनचं मूळ पुस्तक 1968 सालचं. मराठीत त्याची ओळख बाळ भागवतांनी करून दिली, आणि आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एक काळ असा होता की दोन माणसं डॅनिकेनवर भांडली नाहीत असा दिवस जात नसे. देव म्हणजे परग्रहावरून आलेली माणसं, हा त्याचा सिद्धान्त. तो कुठलंही विधान सरळ करत नाही, विचारतो. हे यान तर नसेल? हा अंतराळवीर तर नसेल? मेक्सिकोत पालेंके इथे 1952 साली पाकाल नावाच्या राजाची समाधी सापडली, तिच्या शिळेवरच्या माणसात डॅनिकेनला रॉकेट चालवणारा दिसला. तो राजा इसवी सन 683 मध्ये वारला. त्याच्या लोकांची चित्रलिपी पुढे अभ्यासकांनी वाचली, त्याचं नाव त्यातूनच कळलं. शिळा काय सांगते ते त्याच माणसांच्या लिपीला विचारता येतं. पण मग प्रश्नचिन्ह उरत नाही.

मला यात आमचा पाडा दिसतो. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधे पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर पाच शिरांचा पंचशिऱ्या. बाहेर तारपावाला, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. डॅनिकेन डहाणूला उतरला असता तर वेटोळ्याची आकाशगंगा झाली असती आणि पाच शिरांच्या देवाचं शिरस्त्राण. पण ते काय आहे हे विचारायला माणूस हयात आहे. धवलेरी गाते, तिला विचारा. जी बाई काढते तिला विचारा. गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर नेली आणि ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ते 2018 पर्यंत आपल्यात होते. गूढ लिहिणाऱ्याला उत्तर देऊ शकणारा माणूस नको असतो. त्याला मेलेला राजा लागतो, नाहीतर दूरचा लामा. नाहीतर जिला कुणी विचारणार नाही अशी विधवा.

तिसरा आक्षेप शब्दांवर. अलीकडच्या पुस्तकांत भूत, करणी हे शब्द गावंढळ म्हणून गळाले. आता सगळी ऊर्जा आहे. कंपनं आहेत. नकारात्मक माणसं आहेत, त्यांच्यापासून दूर राहा, त्यांची छाया मुलांवर पडू देऊ नका. मी ज्या गावात राहतो तिथून काही मैलांवर तारापूरची अणुवीज केंद्रं आहेत. 1969 पासून तिथे वीज तयार होते. नंतरच्या दोन अणुभट्ट्या 540 मेगावॅटच्या. आम्हाला ऊर्जा या शब्दाची एक सवय आहे: तिला आकडा असतो. अदृश्य गोष्ट मानायला मला अडचण नाही. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही. म्हणूनच तिथे काम करणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो आणि तो ठरावीक मुदतीने तपासून आकडा लिहिला जातो. पुस्तकातली ऊर्जा मात्र कधी संपत नाही, कधी मोजली जात नाही, आणि नेमकी ज्याला शेजारीण आवडत नाही त्याच्या शेजारणीतूनच वाईट ऊर्जा निघते. मुखपृष्ठ चकचकीत झालं, भाषा इंग्रजी वळणाची झाली, तरी ते पिवळं पुस्तकच आहे. नकारात्मक माणूस कसा ओळखावा याची यादी मी त्या हिमालयाच्या पुस्तकात वाचली. एकटी राहणारी माणसं, टक लावून बघणारी माणसं. मी पान मिटलं आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कुणी म्हणेल, या माणसाला अध्यात्माचंच वावडं आहे. तसं नाही. ज्या कॉलेजात मी शिकलो त्याला सोनोपंत दांडेकरांचं नाव आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कॉलेजचे प्राचार्य, आणि तरी खांद्यावर पताका घेणारे वारकरी. ज्ञानेश्वरीची प्रत संपादन करताना एकेका शब्दासाठी असे लोक किती घासतात ते बघा आणि मग 'प्राचीन ग्रंथांत म्हटलंय' असं मोघम लिहून पुढे सरकणारी ही पुस्तकं बघा. गुरुदेव रानडे यांनी महाराष्ट्राच्या संतांच्या गूढवादावर 1933 साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. तो मला सगळा पचला नाही, पण तो कुणाला भीती घालत नाही आणि काही विकत नाही. आणि नवस, अंगात येणं, चमत्कार यांची तुकोबांइतकी टवाळी कुणी नास्तिकानेही केली नसेल. खरं अध्यात्म माणसाला स्वतःकडे बघायला लावतं. ही पुस्तकं शेजाऱ्याकडे बघायला लावतात.

गूढाचंही मला वावडं नाही. आमच्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून जमीन हादरायला लागली. धुंदलवाडीच्या आसपास लोक थंडीत घराबाहेर झोपले. एक धक्का, दुसरा धक्का, महिनोन् महिने. याहून गूढ काय असणार? त्याही वेळी देवीच्या कोपाच्या गोष्टी निघाल्या, फोनवर भविष्यं फिरली. शास्त्रज्ञ आले, त्यांनी भूकंपमापक बसवले, धक्के मोजले, खोली काढली. पावसाचं पाणी जमिनीत मुरण्याशी याचा काही संबंध असावा, असाही विचार पुढे आला. उत्तर पुरतं हाती नाही, तेव्हा त्यांनी नाही असंच सांगितलं. लोकांना ते अपुरं वाटलं. मला मात्र त्यात आमच्या भगताची आठवण झाली. दाणे बोलत नसतील तर नाही बोलत म्हणावं.

2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला, तो होण्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे संकटं येतात असं पसरवणं आता त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा वाचताना मी हिशेब केला. 1977 साली हा कायदा असता तर आरोपी कोण? छप्पर ओढणारे, हो. नाव घेणारा, हो. आणि ज्याने स्वल्पविरामाला थांबून थांबून वाचलं तो? आठवीतलं पोर म्हणून सुटला असता. आणि ज्याने ते पान लिहिलं, छापलं, गोणपाटावर मांडलं तो? त्याला तर आमचं गाव कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

सुईणबाय मला पुढे एकदा भेटली. 1989 चा जून असेल. बोईसर स्टेशनबाहेर बायका शेवळं विकायला बसतात, त्यांच्यात होती. मी ओळखलं, पण पुढे जायचा धीर होईना. तिनेच हाक मारली. डोळे तसेच लाल होते.

"काय रं, मोठा झालास. आईला बरं हाय ना?"

मी हो म्हणालो. तिने शेवळांची जुडी आणि वर काकडाची मूठभर फळं माझ्या पिशवीत घातली. पैसे घेईना. "मी काढलेला पोर तू," म्हणाली, "तुझ्याकडनं पैसं घेऊं?" मला सांगायचं होतं. त्या रात्री वाचणारा मीच होतो हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते आजही मला माहीत नाही. गाडीची घोषणा झाली आणि मी निघालो. पुन्हा ती तिथे दिसली नाही. आईने ती भाजी केली, आणि जेवताना दोघंही फार बोललो नाही.

आमच्या भागावर एक खरं पुस्तक आहे, गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. 1970 सालचं. ते वेठबिगारीवर आहे, भुताखेतांवर नाही, पण त्यात गावं आहेत, माणसं आहेत, कुणी कुणाला काय केलं ते आहे. गूढविद्येवरचं असं पुस्तक मी शोधतोय. ज्यात गावाचं नाव असेल. ज्यात चुकलेल्या वेळाही लिहिलेल्या असतील. ज्यात त्या बाईचं म्हणणं असेल. असं पुस्तक मिळालं आणि त्यात लिहिलं असलं की होय, करणी खरी आहे, तरी मी ते मान खाली घालून वाचीन. अजून मिळालेलं नाही.

बँकवाल्या गृहस्थांना परवा हे सगळं सांगितलं, सुईणबायसकट. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यातल्या गोष्टी मी रात्री नातवाला वाचून दाखवतो."

मी म्हणालो, "मोठ्याने?"

"हो. त्याला आवडतात."

पुस्तक टेबलावर होतं. त्यांनी ते उचललं, जरा वेळ हातात धरलं, आणि काखेत मारून घरी गेले. पुढे वाचून दाखवतात की नाही, मी विचारलेलं नाही.